नाणं

घोडपदेवला, तिसऱ्या मजल्यावर,
शांतवन भांबळांच्या खोलीत
मी दर गुरुवारी वाचायला जातो.
त्यांना आता दिसत नाही. मला आता पटत नाही.
असा आमचा सौदा:
डोळे माझे, विश्वास त्यांचा.

"स्वल्पविरामाला थांबा," ते म्हणतात.
"गोदीत तीस वर्षं पोती मोजली मी.
घाईनं मोजणाऱ्याचं एक पोतं नेहमी चुकतं."

आज पंधरावा अध्याय.
मेंढराची गोष्ट झाली. पुढे ती बाई,
दहांतलं एक नाणं हरवलेली.
दिवा लावते, घर झाडते,
मी पुढच्या ओळीकडे निघालो
तेवढ्यात त्यांचा हात पानावर आला,
ओळीवर नाही, माझ्या अंगठ्यावर.

"थांबा. आपल्याकडे दिवे लागल्यावर
केर काढत नाहीत. ती काढते.
हे घर मला ठाऊक आहे."

एकोणऐंशी साली मार्थाची चमकी पडली,
ह्याच खोलीत. नऊ बाय बारा.
पडून पडणार कुठे?
पलंग हलवला, मांडणी उतरवली,
रॉकेलचा डबा, ट्रंक, शिवणयंत्र
सगळं गॅलरीत. शेजारची हाजराबी
बॅटरी घेऊन आली. तिघं गुडघ्यांवर.
मार्था मनात स्तोत्र म्हणत होती,
मी मोठ्यानं शिव्या देत होतो.
सापडलं काय काय:
खेळण्याचं चाक, दहा पैसे,
सासऱ्यांना लिहून न टाकलेलं कार्ड,
थोरलीचा दुधाचा दात.
चमकी नाही.

"मग?"

"मग काय. घर लख्ख झालं.
पुस्तकातल्या बाईला सापडलं, मार्थाला नाही.
पाळकांना विचारलं, ते म्हणाले,
अहो भांबळ, दृष्टांत आहे तो.
मला अजून उमगलेलं नाही.
दुसरी चमकी तिनं घेऊ दिली नाही.
गेली त्या पहाटे तिच्या नाकातलं
ते बारीक रिकामं भोक पाहिलं,
आणि वाटलं, कुणीतरी
अजून झाडतंय."

मी उठून चहा टाकला.
दूध उतू जाऊ नये म्हणून
उभा राहिलो, आणि उभ्या उभ्या आठवत गेलं.

मेंढरू निदान ओरडतं.
पुढच्या गोष्टीतला तो मुलगा
डुकरांत बसून का होईना, घराची वाट आठवतो.
नाणं काय करतं?
पडल्या जागी पडून राहतं.
हरवलोय हेही त्याला माहीत नसतं.
ना पश्चात्ताप, ना विनवणी,
धुळीत उपडा एक छाप.
आणि त्याच्यासाठी दिवा लागतो.

माझं तसंच आहे, बापा.
जे. जे.च्या बाकावर, सुवार्ता आत असताना,
शेवटचं काही मागितलं तुझ्याकडे.
त्याला दोन वर्षं झाली.
आता हे "बापा"सुद्धा सवयीनं निघालं,
अंधाऱ्या जिन्यात हात
कठडा शोधतो तसं.

दूध उतू गेलंच.

"आज प्रार्थना तुम्ही करा,"
कप खाली ठेवत भांबळ म्हणाले.
त्यांनी मान झुकवली. मीही.
बाहेर कुणाचा तरी कुकर तीनदा वाजला.
माझ्या तोंडून काही येईना.
ते थांबले,
स्वल्पविरामाला थांबावं तसे,
बराच वेळ.
मग स्वच्छ, मोठ्यानं म्हणाले,
"आमेन."

खाली उतरलो. दुसऱ्या मजल्यावर
दिवे केव्हाच लागले होते, तरी
एक बाई गॅलरी झाडत होती.
"जरा सरका," ती म्हणाली.

सरकलो, पण लगेच नाही.
केरसुणी आधी
पायाला लागू दिली.